ट्रायलच्या फॉर्मवर ‘ऑलराऊंडर’ लिहू का?

प्रश्न विचारणारा मुलगा अमळनेर तालुक्यातला आहे. वय अठरा, कॉलेजचं पहिलं वर्ष. पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची निवड चाचणी आहे. फॉर्मवर दोन रकाने आहेत, ‘खेळण्याची जागा’ आणि ‘खेळाडूची वैशिष्ट्ये’. फॉर्म दिला की सर लोक एकेकाला उभं करून स्वतःच्या खेळाबद्दल दोन मिनिटं बोलायला लावतात. याची उंची पाच फूट नऊ इंच. शाळेत सगळ्यांत उंच, म्हणून आठवीपासून सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा खेळाडू, म्हणून खेळला. कॉलेजात येऊन बघतो तर सहा फुटांच्या वरचे चार जण आधीच हजर. मित्र म्हणतो ‘ऑलराऊंडर’ लिहून टाक, कुठे ना कुठे बसवतील. तर लिहू का, असा प्रश्न आहे.

नको लिहूस. का ते सांगतो, पण जरा दमाने वाच.

तू माझ्या पोरांच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करतोय. जळगाव-भुसावळ पट्ट्यात सव्वीस वर्षं पोरापोरींना बास्केटबॉल शिकवतोय. निवडीच्या टेबलामागे बसून कंटाळा येईपर्यंत फॉर्म वाचले आहेत, आणि त्याच्या कितीतरी आधी टेबलापुढे उभं राहून घामही गाळलाय. त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगू शकतो. तुझा खेळ मात्र मी पाहिलेला नाही. म्हणून खाली काही ठिकाणी ‘असं असेल तर’ म्हणावं लागेल, ते समजून घे.

तुझी अडचण फॉर्मची नाहीच मुळी. शाळेत तुला जे काम मिळालं होतं ते तुझ्या उंचीला मिळालं होतं. आता उंचीचं भांडवल संपलं, त्याबरोबर काम गेलं, आणि तू हात मोकळे घेऊन उभा आहेस. हे तुझ्या एकट्याचं नाही. आपल्याकडच्या निम्म्या शाळांत असंच होतं. प्रार्थनेच्या रांगेत जो सगळ्यांच्या वर दिसतो त्याला पी.टी.चे सर बोट करतात, ‘ए, तू इकडे ये, रिंगखाली थांब.’ मग चार वर्षं तो रिंगखालीच थांबतो. बॉल टप्पा मारून पुढे न्यायला लागला की बाहेरून आवाज, ‘खाली नको टाकू, वर धर!’ तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याची वाढ उरकलेली असते, बाकीचे अठराव्यापर्यंत वाढतच राहतात. कॉलेजात आला की सेंटर म्हणून बुटका आणि बाहेरून बॉल घेऊन येणारा गार्ड म्हणून बॉल हाताळायची सवय नाही. दरवर्षी असे तीन-चार तरी माझ्याकडे येतात.

आता ‘ऑलराऊंडर’ या शब्दाचं. हा शब्द क्रिकेटमधून आलाय आणि तिथे त्याला अर्थ आहे. बॅटिंग आणि बॉलिंग ही दोन वेगळी कामं, दोन्ही येणारा म्हणजे ऑलराऊंडर. बास्केटबॉलमध्ये मैदानावरच्या पाचही जणांना एकाच मिनिटात बॉल न्यायचाही असतो आणि अडवायचाही असतो, तेव्हा सगळेच ऑलराऊंडर. तो शब्द लिहिलास काय किंवा रकाना कोरा ठेवलास काय, वाचणाऱ्याला सारखंच.

एकदा शिरपूरकडचा एक मुलगा चाचणीला आला होता. काय खेळतोस विचारलं तर छाती काढून म्हणाला, ‘सर, मी बठ्ठं खेयस,’ म्हणजे सगळंच खेळतो. माझ्या शेजारचे सहकारी हसून म्हणाले, मग बारा जणांचं तिकीट कशाला काढायचं, तुला एकट्यालाच नेतो. सगळे हसले, मीही हसलो. तो पोरगा निवडला गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका सामन्यात त्याला पाहिलं तर समोरच्या संघाच्या सगळ्यात चपळ गार्डला त्याने अक्षरशः गोठ्यात बांधल्यासारखं बांधून ठेवलं होतं. हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. चूक आमचीही होतीच, पण जागा त्याची गेली.

हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी करतोस ना? कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणारा एक, बडगीत ठेचणारा दुसरा, मिरच्या-लसूण-कांद्याची पात बघणारा तिसरा, कळण्याच्या पुऱ्या मळ्यापर्यंत गरम आणणारा चौथा. जो ‘मी काय, सगळंच करतो’ म्हणत फिरतो तो शेवटी फक्त जेवतो. संघ निवडणारा माणूस टेबलामागे बसून हेच बघत असतो, याला कोणतं काम सोपवलं की मला मागे वळून बघावं लागणार नाही?

खेळण्याच्या जागेचा रकाना त्या मानाने सोपा, तो आधी उरकू. एक ते पाच आकडे तुला माहीत असतील. एक म्हणजे पॉइंट गार्ड, बॉल पुढे नेणारा आणि चाल ठरवणारा. दोन शूटिंग गार्ड, बाहेरून शॉट मारणारा. तीन स्मॉल फॉरवर्ड, आत-बाहेर दोन्हीकडे खेळणारा. चार पॉवर फॉरवर्ड, सेंटरच्या जोडीने रिंगजवळ खेळणारा. पाच सेंटर. हे आकडे म्हणजे बोलण्याची सोय, जन्मपत्रिका नव्हे. एनबीए या अमेरिकेतल्या लीगच्या १९८० सालच्या अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात सेंटर करीम अब्दुल-जब्बारचा घोटा दुखावलेला होता, तेव्हा त्याच्याच संघातला मॅजिक जॉन्सन हा २० वर्षांचा पॉइंट गार्ड सेंटरच्या जागी उतरला आणि ४२ गुण काढून गेला. आज निकोला योकिच सेंटर असून अख्ख्या संघाचा खेळ त्याच्या पासवर चालतो. पण ती मोठी माणसं. तू फॉर्मवर दोनच आकडे लिही, एक पहिल्या पसंतीचा आणि एक ‘गरज पडल्यास’. पाचही आकडे लिहू नकोस.

कोणते दोन, ते एका गोष्टीवर ठरेल. मागच्या अर्ध्यातून आठ सेकंदांत बॉल पलीकडे न्यावा लागतो. अंगावर चिवट डिफेंडर असताना तुला हे दहापैकी आठ वेळा जमतं का? जमत असेल तर एक-दोन लिही. जमत नसेल, आणि सेंटर खेळून आलेल्याला बहुधा जमत नाही, तर दोन-तीन लिही. खोटा ‘एक’ लिहिलास तर पहिल्याच मिनिटाला बॉल तुझ्या हातात देतील आणि दोन पोरं सोडतील अंगावर.

वैशिष्ट्यांच्या रकान्यात खरी मेख आहे. इथे मला एक हिशोब मांडायचाय. आंतरराष्ट्रीय नियमाने सामना ४० मिनिटांचा. मैदानावर खेळाडू दहा, बॉल एक. सारखी वाटणी केली तर तुझ्या वाट्याला बॉल येतो चार मिनिटं. उरलेली छत्तीस मिनिटं तू बॉलशिवाय असतोस. आणि फॉर्मवर काय लिहिलेलं सापडतं? ड्रिबलिंग चांगलं, शूटिंग चांगलं, पासिंग चांगलं. सगळं त्या चार मिनिटांचं. छत्तिसांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. शंभर फॉर्मांत एखाद्याने काढलं की आमचं पेन आपोआप थांबतं.

डेनिस रॉडमन हे नाव ऐकलं असशील, त्याच्या रंगवलेल्या केसांमुळे तरी. उंची सहा फूट सात इंच, म्हणजे एनबीएच्या रिंगखालच्या गर्दीत फार नव्हे. गुण काढायचा सरासरी सामन्याला सात-साडेसात. तरी १९९१-९२ पासून सलग सात हंगाम रिबाऊंडमध्ये, म्हणजे चुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल पकडण्यात, अख्ख्या लीगमध्ये पहिला. आणि मग्सी बोग्ज पाच फूट तीन इंचांचा, तरी एनबीएत १४ हंगाम खेळला. या दोघांना ‘तुम्ही काय खेळता’ असं विचारलं असतं तर उत्तर द्यायला अर्धं वाक्यही लागलं नसतं.

आता तुझ्याकडे काय आहे ते बघू. तू शाळेतली चार वर्षं फुकट गेली असं धरून बसलायस. उलट आहे. रिंगकडे पाठ करून बॉल घेणं, एक पाय रोवून त्यावर पिव्होट घेऊन वळणं, अंगाला अंग भिडलं तरी न बिचकणं, स्क्रीन लावून, म्हणजे समोरच्याच्या वाटेत आडवं, घट्ट उभं राहणं, रिबाऊंडसाठी जागा अडवणं म्हणजेच बॉक्स आउट, हे सेंटरला करावंच लागतं आणि गार्ड लोक आयुष्यात शिकत नाहीत. पाच फूट नऊ इंचांचा सेंटर कोणाला नको, पण सेंटरसारखा बॉक्स आउट करणारा पाच फूट नऊ इंचांचा गार्ड मला कधीही द्या.

बॉक्स आउटबद्दल जरा जास्त लिहितो. हा विषय निघाला की मला राहवत नाही. कोणीही शॉट मारला की मैदानावरच्या दहापैकी आठ जणांची मान वर जाते. बॉल हवेत असतो, तोंडं उघडी असतात. तू त्या क्षणी वर बघायचं नाही. आधी आपला माणूस शोधायचा. कोपरापासूनचा हात त्याच्या छातीपाशी न्यायचा, ढकलायचं नाही, नुसता तो कुठे आहे ते कळायला. मग पुढच्या पायावर वळून त्याच्याकडे पाठ करायची आणि खुर्चीवर बसतात तसं कमरेतून खाली बसायचं, तुझी कंबर त्याच्या मांड्यांवर टेकली पाहिजे. हात कोपरात वाकवून बाजूंना उघडे. आता तो डावीकडे सरकला की तुझ्या पाठीला कळतं, तूही सरकायचं. आणि हे झालं की मग वर बघ. सगळं मिळून दीड सेकंद. बॉल तुला नाही मिळाला तरी चालेल, त्याला नाही मिळाला ना, काम झालं.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. आपली बहुतेक मैदानं उघड्यावरची, सिमेंटची, आणि रिंग लोखंडी, ताठ. अशा रिंगवर आपटलेला लांबचा शॉट लांब उडतो, पार फ्री थ्रोच्या रेघेपर्यंत येतो. तिथे सहा फुटी सेंटर नसतो, तो रिंगखाली हात वर करून उभा असतो. तिथे गार्ड असतात. म्हणजे तो बॉल तुझा आहे, फक्त तू तुझ्या माणसाला मागे ठेवलेलं असलं पाहिजे.

भुसावळची एक मुलगी होती, पाच फूट दोन इंच. दोन मिनिटं बोलायला सांगितलं तर वीस सेकंदांत खाली बसली. म्हणाली, ‘सर, मला पॉइंट फार येत नाहीत. पण माझ्या पोरीला मी रिबाऊंड घेऊ देत नाही.’ आम्ही मुद्दाम चाचणीतली सगळ्यात उंच मुलगी तिच्यावर घातली आणि सहा वेळा शॉट मारायला लावला. उंच मुलीला एक रिबाऊंड मिळाला. बाकीचे पाच हिला नाही मिळाले, दुसऱ्याच पोरींनी उचलले, पण तो मुद्दाच नव्हता. तीन वर्षं संघात होती. पहिल्या पाचात फारशी नव्हती, पण सामना अटीतटीचा झाला की शेवटची चार मिनिटं ती आतच असायची.

तिच्या वाक्यात काय होतं बघ. ‘चांगलं’ हा शब्द नव्हता, क्रियापद होतं. ‘माझा डिफेन्स चांगला आहे’ म्हणालास तर मी मान हलवेन आणि विसरून जाईन. ‘उजव्या हाताच्या गार्डला मी उजवीकडून जाऊ देत नाही, साइडलाइनकडे ढकलत नेतो’ म्हणालास तर मला चित्र दिसतं आणि लगेच तपासून बघावंसं वाटतं. ‘टीम प्लेअर आहे’ यात काही नाही. ‘पास दिला की थांबत नाही, रिंगकडे कट मारतो’ यात बरंच काही आहे.

पण तपासून बघावंसं वाटतं, हा भाग विसरू नकोस. तुझ्याच वयाचा असताना मी एका चाचणीत उभा राहिलो होतो. कुठली ते राहू दे. मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘सर, मी स्कोअरर आहे, दोन्ही हातांनी.’ टेबलामागच्या एका वयस्कर सरांनी काही न बोलता डावीकडे बोट दाखवलं. डाव्या हाताने ले-अप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून मारायचे शॉट, मारायला घेतले. पहिला बोर्डाच्या खालच्या कडेवर. दुसरा तसाच. तिसरा रिंगला लागून माझ्याच डोक्यावर. त्यांनी पट्टी घेऊन कागदावर एक सरळ रेघ मारली. मी इतक्या लांबूनही ओळखलं ती कोणाच्या नावावर होती. घरी येताना एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. त्यामुळे सांगतो, फॉर्मवर तेच लिही जे सकाळी साडेसहाला, पोटात गोळा आलेला असताना, पाच मिनिटांत करून दाखवता येईल.

आणि ते काय आहे हे स्वतःच्या आठवणीवरून ठरवू नकोस. आठवण फार लबाड असते, आपले पडलेले शॉट तेवढे साठवते. एक वही घे आणि खेळत नसलेल्या मित्राला मैदानाच्या कडेला बसव, त्याला शेव-मुरमुरे लागले तर तेही दे. रकाने आखून दे. बॉल हातात कितीदा आला. हातातून फुकट किती गेला. समोरच्याच्या पासला बोट किती वेळा लागलं. शॉट झाल्यावर बॉक्स आउट केला की नुसता बघत राहिला. बॉल गेल्यावर मागे पळत आला की चालत आला. प्रत्येक वेळी एक उभी दांडी. तीन दिवस, रोज एक सराव सामना. चौथ्या दिवशी ती वही तुझ्याशी बोलायला लागेल. ‘मागे चालत आला’ हा रकाना बघून बहुतेकांना धक्का बसतो. माझ्या पोरांना बसतोच बसतो.

शूटिंगचंही असंच मोज. माझ्याकडचा एक मुलगा स्वतःला शूटर म्हणवायचा. पाच जागांवरून दहा-दहा शॉट मारायला लावले. पन्नासपैकी सतरा पडले. तोंड उतरलं. पण वही नीट बघितली तर त्या सतरापैकी सात एकट्या डाव्या कोपऱ्यातून होते. म्हटलं, तू शूटर नाहीस, पण डाव्या कोपऱ्यातला शूटर आहेस, आणि हे जास्त उपयोगी आहे, कारण आता तुला कुठे उभं करायचं ते मला कळलं. पुढे आणखी गंमत झाली. आमच्या त्या मैदानावर तीन गुणांची रेघ जुनी होती, ६.२५ मीटरची. २०१० पासून ती ६.७५ मीटर झाली आहे, कोपऱ्यात ६.६० मीटर. रंगवायला कोणाला सुचलंच नव्हतं. म्हणजे हा पोरगा इतके दिवस वरच्या बाजूला अर्धा मीटर जवळून मारत होता आणि तीन मोजत होता. तेव्हा टेप घेऊन जा, रिंगच्या मध्याखाली जमिनीवर एक टोक धर आणि मोजून खूण कर. तुझ्या गावच्या मैदानावर काय रंगवलंय यावर विसंबू नकोस. आणि वारा सुटलेला असेल तर त्या दिवशीचे आकडे धरू नकोस.

तुझं सगळ्यात कच्चं काय निघेल ते मी न बघताच सांगतो, पाय. रिंगखाली उभं राहून खेळलेल्याला गार्डबरोबर आडवं सरकायची सवय नसते. तो एक खांदा दाखवतो आणि आपण गेलोच. आठवड्यात हे सुधारणार नाही. पण आठवड्यात एवढं करता येईल. एका हाताऐवजी दीड हाताचं अंतर ठेव आणि समोरासमोर उभा राहण्याऐवजी थोडा तिरका उभा राहा, म्हणजे त्याला जायला एकच वाट राहील आणि ती साइडलाइनकडची असेल. रेघ हा सहावा डिफेंडर आहे. तो बाहेरून शॉट मारेल, मारू दे. लगेच वळून बॉक्स आउट कर, ते तर तुला येतंच.

ही उणीव फॉर्मवर लिहायची का? माझं मत, एक उणीव जरूर लिही, पण एकच, आणि त्यावर काय करतोयस तेही लिही. ‘डावा हात कच्चा आहे, रोज सकाळी अर्धा तास त्यावर काम करतो.’ काही सर लोकांना हे आवडत नाही, त्यांना वाटतं पोरगं आत्मविश्वासाने बोलत नाही. मला विचारशील तर जो स्वतःची उणीव सांगतो त्याच्या बाकीच्या वाक्यांवर माझा विश्वास बसतो. समोर कोण बसलंय यावर हे थोडं अवलंबून आहे, सिनियर पोरांना विचारून घे.

तसंही सिनियर पोरांशी चहाच्या टपरीवर गाठ पाडच. कारण तुझ्या दोन ओळी तुझ्या खेळावर जेवढ्या अवलंबून आहेत तेवढ्याच त्या संघाला काय कमी पडतंय यावरही आहेत. सहा फुटांवरचे चार जण आहेत म्हणतोस. मग त्यांना बॉल कोण पोचवतो? बाहेरून शॉट पडतात का, की समोरचे सगळे आत गर्दी करून बसतात? सर जागा वाटून देऊन झोन खेळवतात की माणूस वाटून देऊन मॅन टू मॅन? पाच फाऊल होऊन कोण बाहेर जातो? गेल्या वर्षी कोण पास होऊन गेलं? ऑक्टोबरच्या उन्हात आपल्या सिमेंटवर दुसऱ्या अर्ध्यात कोणाचे गुडघे टेकतात? जिथे भोक दिसेल तिथे तुझ्याकडचं एक काम ठेवून बघ. खोटं नको. आहे त्यातलंच कोणतं पुढे मांडायचं, एवढाच प्रश्न.

एक गोष्ट फॉर्मवर लिहिता येत नाही, ती मैदानावर करायची. तोंड उघड. आपलं काम काय आहे हे खेळाडू खरं तर फॉर्मवर सांगतच नाही, तो ते खेळताना दर दहा सेकंदांनी सांगत असतो. ‘बॉल माझा!’ ‘हेल्प आहे मागे!’ ‘स्क्रीन डावीकडून!’ जो बोलतो त्याच्याकडे टेबलामागची मान आपोआप वळते. खेड्यातून आलेली पोरं इथे गप्प होतात, भाषेची लाज वाटते त्यांना. कसली लाज? ‘भो, मांगे!’ एवढं ओरडलास तरी तुझ्या माणसाला कळलं ना की मागून कोणी येतंय, बस. माझ्या एका संघाने सगळ्या हाका अहिराणीतच ठेवल्या होत्या. बाहेरगावच्या संघांना त्याचा पत्ताच लागायचा नाही, आणि आमच्या पोरांना त्यातच जास्त मजा यायची.

उंच पोरांना बघून गांगरू नकोस एवढंच अजून. चाचणीत कधी ना कधी स्विच, म्हणजे अंगावरच्या माणसांची अदलाबदल, होऊन एखादा पाच फूट पाच-सहा इंचांचा गार्ड तुझ्या अंगावर येईल. त्या क्षणी बाहेर उभा राहून बॉल मागू नकोस. सरळ रिंगजवळ, म्हणजे पोस्टमध्ये, जा, पाठ लाव, हात वर करून बॉल माग आणि शाळेतला सेंटर हो. गार्डच्या जागी खेळणारा पोरगा पोस्टमध्ये जाऊन पिव्होटवर वळतो आणि बास्केट करतो, हे दृश्य आपल्या भागातल्या चाचण्यांत क्वचित दिसतं. तीन सेकंदांच्या वर आत थांबू नकोस मात्र. जुन्या सेंटरांची ही खोड जाता जात नाही.

तर एवढ्या लांबणीचं फॉर्मपुरतं सार असं. जागा दोनच लिही. वैशिष्ट्यं तीन वाक्यांत, ‘चांगलं’ न म्हणता, आणि त्यातली निदान दोन बॉल हातात नसतानाची. वहीत ज्याच्या दांड्या आहेत तेच. शेवटी एक उणीव.

मी तुझ्या जागी असतो आणि वहीने साथ दिली असती, तर साधारण असं लिहिलं असतं:

खेळण्याची जागा: २, गरज पडल्यास ३.
वैशिष्ट्ये: प्रत्येक शॉटला माझ्या माणसाला बॉक्स आउट करतो. बॉल नसलेल्या बाजूला स्क्रीन लावून शूटर मोकळा करतो. शाळेत सेंटर खेळलो असल्याने बुटका गार्ड अंगावर आला तर पोस्टमध्ये खेळू शकतो. डावा हात कच्चा आहे, त्यावर रोज काम सुरू आहे.

हे जसंच्या तसं उतरवू नकोस. तुझ्या वहीत स्क्रीनच्या दांड्याच नसतील तर ते वाक्य खोडून टाक. आजपासून तीन दिवस मोजलंस तरी चाचणीला दोन-तीन दिवस उरतात. तुझ्या ओळी लिहून झाल्या की मला दाखव, आणि सोबत वहीच्या पानाचा फोटोही पाठव. मी आधी फोटो बघेन.